विधानसभेचा उमेदवार आणि शिक्षणाचा प्रश्न
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून मी प्राथमिक शिक्षक झालो आणि माझी सारी नोकरी सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत गेली. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. मुलांना पाढे शिकविताना जी पद्धत वापरली, तिनेच आज आपल्यापुढे हा विषय मांडणार आहे. आधी उदाहरण, मग रीत, आणि शेवटी ताळा.

विषय निवडण्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. विधानसभेच्या निवडणुकीत आपल्या समाजातील जो कोणी उभा राहील त्याच्या पाठीशी सर्व सभासद कुटुंबांनी उभे राहावे, असे आवाहन संस्थेच्या नावाने स्मरणिकेत छापावे, अशी सूचना काही बंधूंनी मंडळाकडे पाठविली आहे. सूचना करणारांच्या हेतूबद्दल माझ्या मनात मुळीच किंतु नाही. आपल्या मुलांच्या शिक्षणाची आणि नोकरीची चिंता त्यांना लागली आहे, आणि आपला माणूस विधानसभेत गेला म्हणजे ही चिंता दूर होईल अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत कितपत बरोबर आहे, हे आपल्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासावरून तपासून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

निवडणुकीचे पत्रक हाती आले म्हणजे त्यावर उमेदवाराचे घराणे, त्याची पदे आणि त्याच्या नेत्यांची छायाचित्रे असतात. हा त्याचा परिचय झाला, पूर्वपीठिका नव्हे. माझ्या मते उमेदवाराची पूर्वपीठिका तीन प्रश्नांत सामावलेली असते. तो कोठे शिकला? त्याच्या शिक्षणाचा भार कोणी सोसला? आणि शिकल्यावर त्या ऋणाची फेड त्याने कोणाच्या मुलांसाठी केली? ह्या तीन प्रश्नांची कसोटी लावून आपल्याच मातीतील काही उमेदवारांकडे पाहू.

पहिले उदाहरण यशवंतराव चव्हाणांचे. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. म्हणून दोन्ही जिल्ह्यांना त्यांच्यावर सारखाच हक्क सांगता येतो. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. प्लेगच्या साथीत ते गेले, आणि आई विठाबाई व थोरले बंधू यांच्या कष्टांवर यशवंतरावांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत १९३२ साली त्यांना तुरुंगवास घडला, त्यामुळे मॅट्रिकची परीक्षा लांबली आणि १९३४ साली ते उत्तीर्ण झाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ साली ते बी. ए. झाले व १९४१ साली पुण्यातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १९४६ साली ते मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी सातारा जिल्ह्यातून उभे राहिले व निवडून आले. त्या काळी मताचा अधिकार सर्वांना नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती. म्हणजे ज्यांच्या मुलांना शाळेची सर्वांत अधिक गरज होती, त्यांतील बहुतेकांना उमेदवार निवडण्याचा अधिकारच नव्हता. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत.

दुसरे उदाहरण बाळासाहेब देसाई यांचे. पाटण तालुक्यातील विहे येथे १९१० साली त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात राहून, मिळेल ते काम करून ते शिकले आणि वकील झाले. सातारा जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. डोंगरातल्या वाडीला रस्ता नसला म्हणजे मूल शाळेत कसे पोहोचत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे पाटणच्या मतदारांनी त्यांना विधानसभेत पाठविले.

आता १९५७ साल घ्या. त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची लाट होती. कराडमधून यशवंतराव अगदी थोडक्या मतांनी निवडून आले. सभांत मुंबई कोणाची, द्वैभाषिक राज्य राहावे की मोडावे, हाच एक प्रश्न होता, आणि तो तसा असणे स्वाभाविकही होते. परंतु हायस्कुलाची फी कोणी भरायची, हा प्रश्न त्या निवडणुकीत मतदारांपुढे नव्हता. निवडणुकीनंतर यशवंतराव पुन्हा मुख्यमंत्री झाले, बाळासाहेब शिक्षणमंत्री झाले, आणि १९५९ साली त्या मंत्रिमंडळाने आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याचा निर्णय केला. हीच ती ‘ई. बी. सी.’ सवलत. आरंभीच्या वर्षांत उत्पन्नाची मर्यादा वाढत १२०० रुपयांपर्यंत आली. तलाठ्याचा दाखला जोडून अर्ज केला की फी माफ होत असे.

बंधुभगिनींनो, ह्या सवलतीचे मोल मी निराळे सांगावयास नको. आज या मंडपात साठीच्या पुढचे जे बसले आहेत, त्यांतील कितीतरी जणांच्या नावापुढे हजेरीपटावर ती तीन अक्षरे लिहिलेली होती. माझ्याही नावापुढे होती. ती नसती तर मी मॅट्रिक झालो नसतो आणि आज आपल्यापुढे उभाही नसतो.

परंतु या निर्णयातील एक गोष्ट आपल्या संस्थेने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या अर्जावर पालकाची जात विचारून फी माफ होत नव्हती. उत्पन्न विचारून होत होती. निर्णय करणारे दोघेही आपल्या ज्ञातीचे आहेत की नाहीत, याची चौकशी आपल्या आजोबांनी केली नाही, आणि आपण त्यांना मत दिले की नाही याची चौकशी त्यांनीही केली नाही. आपल्या घरांतील पहिली मॅट्रिक झालेली पिढी ही जातीच्या उमेदवाराने घडविलेली नाही. गरिबीचा अनुभव घेतलेल्या उमेदवारांनी ती घडविली.

यावर कोणी म्हणेल की मग जातीचा विचार शिक्षणात मुळीच करू नये काय? तसे माझे म्हणणे नाही. अस्पृश्यतेचा डाग ज्यांच्या माथी समाजाने मारला, त्यांचे दुःख केवळ उत्पन्नाच्या दाखल्यात मावणारे नव्हते. शाळेच्या पडवीत निराळे बसविलेल्या मुलाची फी माफ केल्याने त्याला वर्गात जागा मिळत नाही. म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या व राखीव जागा आवश्यक होत्या आणि आहेत. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांच्या सवलती धर्मांतरामुळे तुटू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९६० साली घेतला, तोही यशवंतरावांच्याच कारकिर्दीत. ज्याला जातीमुळे नाडले गेले त्याला जात पाहून मदत आणि ज्याला गरिबीमुळे अडले त्याला गरिबी पाहून मदत, असा हा सरळ हिशेब होता. ‘माझ्या जातीचा म्हणून’ मदत, ही रीत त्यात कोठेच नव्हती.

या विचाराचे बीज आपल्याकडे त्याहूनही जुने आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कधी निवडणुकीला उभे राहिल्याचे आपण ऐकले नाही. परंतु उमेदवारांना शिक्षणाचे धोरण शिकविणारा खरा गुरू तोच. सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांसह वसतिगृह चालविले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, एका विहिरीचे पाणी भरीत आणि आपल्या हातांनी काम करून शिकत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुलांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा साताऱ्यात घरोघरी माहीत आहे.

कर्मवीरांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग उमेदवारांना आठवण करून देण्याजोगा आहे. १९४८ साली मुंबई सरकारने त्यांच्या संस्थेचे अनुदान बंद केले होते. पुढे ते पूर्ववत झाले. पण मधल्या काळात संस्था तगली ती गोरगरिबांच्या मूठमूठ धान्यावर आणि वर्गणीवर. यावरून दोन धडे मिळतात. सरकारच्या मर्जीवर शाळा टांगलेली असू नये, हा पहिला; आणि समाजाने आपला हात आखडता घेऊ नये, हा दुसरा.

आता तिसऱ्या उदाहरणाकडे वळतो. वसंतदादा पाटील यांचा जन्म १९१७ सालचा. गाव पद्माळे, सांगलीजवळ. आईवडील लहानपणीच साथीत गेले आणि आजीने त्यांना वाढविले. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून ते निघाले आणि गोळी लागून पुन्हा पकडले गेले, हा इतिहास आपण शाळेत शिकविला आहे. १९५२ साली ते सांगलीतून विधानसभेवर गेले. १९८३ साली ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी व इतर व्यावसायिक महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली.

या निर्णयाचे कारण समजून घेतले पाहिजे. तोवर आपल्या भागात अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या होत्या. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ सालचे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांची मुले देणगी भरून कर्नाटकातील महाविद्यालयांत जात. सरकारच्या तिजोरीत नवी महाविद्यालये काढण्यापुरते द्रव्य नव्हते. तेव्हा आपल्या मुलांचा पैसा परराज्यात जाण्यापेक्षा येथेच शिक्षणाची सोय व्हावी, असा तो विचार. ज्याला स्वतःला शिकता आले नाही त्याने शिक्षणाची दारे वाढवावीत, यात नवल नाही.

दारे वाढली हे खरे. खेड्यातून मुलगे आणि मुलीही अभियंते झाल्या. पण दारावर उभा असलेला द्वारपाल बदलला. पूर्वी तो गुणपत्रिका पाही, आता थैलीही पाहू लागला. देणग्यांचा बाजार इतका माजला की १९८७ साली कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. पुढे काही ठिकाणी जागा इतक्या वाढल्या की वर्ग ओस पडून महाविद्यालये बंद करण्याची पाळी आली. या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयाच्या पोटातून आल्या आहेत. म्हणून त्या निर्णयाची नुसती स्तुती किंवा नुसती निंदा करणे मला योग्य वाटत नाही.

चौथे उदाहरण पतंगराव कदम यांचे. खानापूर भागातील सोनसळ हे त्यांचे गाव. रयत शिक्षण संस्थेच्या छायेत ते शिकले, काही काळ शिक्षक झाले आणि १९६४ साली पुण्यात त्यांनी भारती विद्यापीठाची स्थापना केली. १९८० साली विधानसभेसाठी ते उभे राहिले व थोडक्या मतांनी पडले. १९८५ साली भिलवडी-वांगी मतदारसंघातून निवडून आले. उमेदवार म्हणून लोकांपुढे येण्याआधी शिक्षणसंस्था उभी केलेला हा माणूस. यापुढे असा नमुना अनेक ठिकाणी दिसू लागला, की आमदार आणि शिक्षणसंस्थेचा चालक ही एकच व्यक्ती. ज्याने संस्था चालविली त्याला शाळेच्या अडचणी कळतात, हा यातला लाभ. पण फी किती असावी हे ठरविणाऱ्या सभागृहात फी घेणाराच बसला, तर फी भरणाराचा वकील कोण? हा प्रश्न कोणा एका व्यक्तीवर ठपका ठेवण्यासाठी मी विचारीत नाही. तो प्रत्येक मतदाराने प्रत्येक उमेदवारास विचारावा, असा तो प्रश्न आहे.

आता ताळा करून पाहू. १९५९ च्या निर्णयाने सांगितले की मुलाची फी राज्य भरेल. १९८३ च्या निर्णयाने सांगितले की जागा मिळेल, पण फी पालक भरील. आपल्या दोन पिढ्यांचे भवितव्य ह्या दोन वाक्यांवर ठरले. आणि आश्चर्य असे की यांतील एकही वाक्य त्याआधीच्या निवडणुकीत मतदारांनी कोणा उमेदवाराच्या तोंडून मागून घेतलेले नव्हते. एकदा ते आपल्या भाग्याने अनुकूल आले, दुसऱ्यांदा संमिश्र आले. भाग्यावर विसंबून राहणे शेतकऱ्यालाही परवडत नाही. तो पेरणीपूर्वी बी पारखून घेतो.

यास्तव मंडळापुढे माझी नम्र उपसूचना अशी, की अमुक उमेदवारास मत द्या असे आवाहन संस्थेने छापू नये. त्याऐवजी दोन्ही जिल्ह्यांतील, कोणत्याही पक्षाच्या आणि कोणत्याही जातीच्या उमेदवारास संस्थेने चार प्रश्न लेखी पाठवावेत आणि त्यांची जी उत्तरे येतील ती स्मरणिकेत जशीच्या तशी छापावीत. जो उत्तर देणार नाही त्याच्या नावापुढची जागा कोरी सोडावी. ती कोरी जागाही वाचता येते.

पहिला प्रश्न लहान शाळांचा. पाटण, जावळी, महाबळेश्वर ह्या तालुक्यांतील डोंगरवाड्यांत पाचदहा मुलांच्या शाळा आहेत. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला होता. मोठ्या शाळेत सोयी अधिक असतात, हे मला मान्य आहे. पण पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांचे मूल, विशेषतः मुलगी, दूरच्या शाळेत जाईल काय? वाहन बंद पडले त्या दिवशी काय? शाळा बंद करण्यापूर्वी रस्ता, वाहन आणि पालकांची संमती या तिन्ही गोष्टी होतील अशी हमी उमेदवार देतो काय?

दुसरा प्रश्न स्थलांतराचा. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरडवाहू भागांतून पाणी आटले की माणसे कामाच्या शोधात बाहेर पडत आली आहेत, आणि आपल्या कारखान्यांच्या उसासाठी मराठवाड्यातून तोडणी कामगार येतात. दोघांचीही मुले ऐन शाळेच्या महिन्यांत पालाबाहेर खेळत असतात. ही मुले आपल्या ज्ञातीची असोत वा नसोत, त्यांचे नाव पटावर आणि पाऊल वर्गात कसे राहील, याचा विचार उमेदवाराने केला आहे काय?

तिसरा प्रश्न फीचा. २०२४ साली शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. निर्णय स्तुत्य आहे, आणि १९५९ च्या परंपरेला शोभणारा आहे. पण फी माफ झाली तरी खोलीचे भाडे, खानावळ आणि पुस्तके माफ होत नाहीत. कर्मवीरांनी शाळेच्या आधी वसतिगृह काढले, त्याचे मर्म हेच. तेव्हा तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहांसाठी उमेदवार काय करणार?

चौथा प्रश्न शिक्षकांचा. रिकाम्या जागा वेळेवर भरल्या जातील काय, आणि शिक्षकाच्या हातातील शिकविण्याखेरीजची कामे कमी होतील काय? शिक्षकांसाठी विधानपरिषदेत स्वतंत्र मतदारसंघ आहे, असे कोणी सांगेल. पण घटनेप्रमाणे तेथे मताचा अधिकार माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांनाच आहे. मुलांना अक्षरओळख करून देणारा प्राथमिक शिक्षक तेथे मतदार नाही. म्हणून त्याची बाजू विधानसभेच्या उमेदवारापुढेच मांडली पाहिजे.

काही बंधूंना वाटेल की यात आपल्या समाजाचे काय? आपल्या संस्थेच्या वसतिगृहाला जागा किंवा अनुदान मागावयाचे तर आपला आमदार नको काय? त्यांना माझे उत्तर असे. वसतिगृहाला अनुदान अवश्य मागावे, पण ते नियमाने मागावे, नात्याने नव्हे. नात्याने मिळालेले अनुदान नाते फिरले की जाते. शिवाय आपली संख्या ती किती? आपल्या समाजाच्या बळावर एखादा उमेदवार निवडून आलाच, तरी सभागृहातील अडीचशेहून अधिक सभासदांत त्याचा आवाज एकट्याचा. परंतु गरीब पालकाच्या बाजूचा प्रश्न घेऊन तो उभा राहिला, तर प्रत्येक जातीतला निम्म्याहून अधिक समाज त्याच्या मागे उभा राहतो. संख्येने लहान असलेल्या समाजाचे हित नेहमी व्यापक न्यायातच असते. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते, म्हणूनच त्यांनी ज्ञातीच्या नावाने संस्था काढली तरी तिचे पहिले कलम शिक्षणाचे ठेवले.

आणि शेवटची गोष्ट घरातली. आपली मुले आज ज्या शाळेत आहेत, त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सभेला आपण किती जण जातो? शिक्षण हक्काच्या कायद्याने २०१० पासून पालकांना या समितीत मानाचे स्थान दिले आहे. उमेदवार पाच वर्षांतून एकदा दारी येतो. ही समिती वर्षभर दाराशी असते. जो पालक शाळेच्या सभेत प्रश्न विचारतो, त्याच्या प्रश्नाला निवडणुकीच्या सभेतही धार येते. आमच्या माताभगिनींनी या बाबतीत पुढाकार घ्यावा. मुलाची वही कोरी आहे हे वडिलांच्या आधी आईला कळते.

माझ्या उपसूचनेचा कार्यकारी मंडळाने शांतपणे विचार करावा. ती मान्य झाली तर प्रश्नांची पत्रे सुवाच्य अक्षरात लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन. तेवढे काम या निवृत्त मास्तराला अजून जमते.